धारप, अर्नाळकर आणि भाताचं बूड



या पानावर एरवी तरवा, खतं, पाऊस आणि बाजारभाव असतात. आजची नोंद पुस्तकांची आहे. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, हरभरा वर आलाय आणि त्याला अजून पाण्याची घाई नाही. म्हणलं, पावसाळाभर जे वाचलं त्याबद्दल लिहावं. भुताच्या, डिटेक्टिव्हच्या आणि विज्ञानाच्या गोष्टी वाचल्या. ज्यांना यातलं काही नको त्यांनी नवरात्रातल्या भाताचा भाग तेवढा वाचला तरी चालेल. पण तो भाग या पुस्तकांशिवाय घडला नसता, हे आधीच सांगते.

पुस्तकं आणली पुतणीनं. ती पुण्यात शिकते. सुट्टीला शिवऱ्याला येताना अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं पिशवी भरून घेऊन आली. म्हणाली, "काकू, तुम्ही पिकावर एवढं लिहिता, मग हे पण वाचा की." २०२५ साली २० मे ला जयंत नारळीकर सर गेले, तेव्हा तिनं त्यांच्या गोष्टी आधी काढून दिल्या. त्याच आठवड्यात पाऊस लागला आणि २५ मे ला तर मोसमी पाऊस महाराष्ट्रात शिरलाच. ज्यांची राबभाजणी राहिली होती त्यांची राहिलीच. शेतात पाय टाकता येईना, लाईट येऊन जाऊन. वाचायला याच्यापेक्षा चांगला काळ कुठला?

पहिलं धारपांचं. नारायण धारपांचा जन्म १९२५ चा, म्हणजे २०२५ हे त्यांच्या शताब्दीचं वर्ष. २००८ साली ते गेले, पण त्यांची पुस्तकं अजून नव्यानं छापून येतात. त्यांचा 'समर्थ' भुताखेतांशी लढणारा. मला मात्र समर्थ यायच्या आधीची पानं जास्त आवडली. एखादा साधा माणूस असतो, नोकरी, घर, बायको-पोरं, महिन्याचा हिशेब. सगळं जागेवर असतं. मग एक गोष्ट जरा वेगळी दिसते. वास येतो, जिथं वास यायचं कारण नाही. किंवा दार असं बसतं, जसं आधी कधी बसलं नव्हतं. त्या माणसाला वाटतं, असंल काहीतरी. वाचणाऱ्याला मात्र तिथंच कळतं की घोळ सुरू झाला. धारप घाबरवायला भूत लवकर आणतच नाहीत. रोजच्या गोष्टीतली एक गोष्ट हलवतात आणि थांबतात.

भुताची भीती वाटली का, असं पुतणीनं विचारलं. खरं सांगायचं तर फार नाही. या गोष्टींत गाव म्हटलं की पडका वाडा, विहीर, पिंपळ आणि कंदील धरलेला गडी. शहरातला माणूस येतो आणि घाबरतो. आपण तिथंच राहतो. आपल्याला विहिरीवर रात्री मोटर चालू करायला जावं लागतं, कारण लाईट रात्रीची असते. तिथं भीती घोणस आणि मण्यारीची. उघड्या वायरची. जुन्नर-शिरूरकडं तर बिबट्याची. ही भीती कुणी गोष्टीत लिहिलेली मला अजून सापडली नाही. धारपांना शेतातली रात्रपाळी ठाऊक असती तर त्यांनी काय लिहिलं असतं, असं मात्र वाटून गेलं.

पुतणीनं मोबाईलवर २०१८ चा 'तुंबाड' पण दाखवला. दिग्दर्शक राही बर्वे यांनी मित्राच्या तोंडून धारपांची गोष्ट ऐकली होती, तिथून त्याचं बी पडलं म्हणतात. त्यातल्या हस्तरला सोनं मिळतं, पण धान्य मिळत नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. पिठाच्या बाहुलीवर तुटून पडतो. आमच्याकडं हायवेच्या कडेनं गुंठ्याचे भाव बोलायला लागले की मला आता हा हस्तरच आठवतो. बाकी सिनेमा पावसाचा आहे, त्यामुळं घरचाच वाटला.

मग अर्नाळकर. बाबुराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. एका माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. माझे वडील तरुणपणी या कादंबऱ्या वाचनालयातून आणायचे आणि एका रात्रीत संपवून सकाळी परत द्यायचे. आजोबा ओरडायचे, दिवे जाळतोय म्हणून. मी आता पहिल्यांदा वाचल्या. घाईत लिहिल्यासारख्या वाटतात. योगायोग फार. गुन्हेगार शेवटच्या दोन पानांत सगळं भडाभडा सांगून मोकळा होतो. बाई दिसली की ती किंचाळणार किंवा चहा आणणार. पण पुस्तक खाली ठेववत नाही, हे खरं.

आणि या डिटेक्टिव्हच्या गोष्टींत एक गंमत सारखी दिसली. सगळे ज्याच्याकडं बोट दाखवतात तो बहुतेक गुन्हेगार नसतो. ज्याला खरं माहिती असतं तो घरातला गडी, नाहीतर स्वयंपाकाची बाई. तिनं बघितलेलं असतं. पण तिला कुणी विचारत नाही. डिटेक्टिव्ह तिला विचारतो आणि म्हणून तो डिटेक्टिव्ह.

काही लोक नाक मुरडतात की हे सगळं बाहेरून उचललेलं. धनंजय-छोटू म्हणजे शेरलॉक होम्स आणि वॉटसन, धारपांच्या काही गोष्टी स्टीफन किंगच्या. असंल. आपण आंब्याचं कलम करतो तेव्हा काय करतो? खुंट गावठी, काडी दुसरीकडची. जगलं आणि आपल्या मातीत गोड लागलं म्हणजे झालं. भा. रा. भागवतांनी पण ज्यूल व्हर्नच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि मग त्याच हातानं आपल्या शेजारच्या फुरसुंगीचा फास्टर फेणे लिहिला. त्याच्यावर कुणाचा शिक्का नाही. मला तर वाटतं आधी कलमं बांधून हात बसला, मग रोप स्वतःचं आलं. आज फुरसुंगीचं नाव घेतलं की लोकांना कचरा डेपो आठवतो, ते वेगळं दुःख.

आता नवरात्रातलं भात.

आमच्या खाचराला लागून चुलत दिरांचं खाचर आहे, मध्ये एक बांध. दोन्हीकडं इंद्रायणी, एकाच पिशवीतलं बी, लावणी दोन दिवसांच्या अंतरानं. इंद्रायणी म्हणजे वडगाव मावळच्या केंद्रानं दिलेला वाण, आपल्या खोऱ्यात घरोघर. त्या खाचरावर भाऊजींचं वर्षाचं खाणं आणि पोराची फी अवलंबून.

ऑगस्टच्या शेवटी दोन्हीकडं पानं गुंडाळणारी अळी दिसली. पानावर पांढरे पट्टे. भाऊजींनी फवारलं. पंधरा दिवसांनी दुकानातून सांगितलं म्हणून पुन्हा फवारलं. दोन्ही वेळेला स्वस्तातलं, सगळं मारणारं औषध. पावसानं रंग उतरला म्हणून युरिया पण जादा टाकला. आमच्या घरचे कंपनीत शिफ्टला, त्यांना सुट्टी मिळेपर्यंत अळी आपोआप कमी झाली, म्हणून आमचं फवारायचं राहून गेलं. यात आमचा काही शहाणपणा नव्हता, फक्त वेळ नव्हता.

नवरात्रात भाऊजींच्या खाचरात मधोमध पिवळा गोल चट्टा पडला. चार दिवसांत तो वाळल्यागत तपकिरी झाला आणि खळ्याएवढा वाढला. कुणी म्हणालं करपा, कुणी म्हणालं जस्त कमी, कुणी म्हणालं नजर लागली. भाऊजींनी बांधावर उभं राहून फोटो काढला आणि दुकानदाराला पाठवला. फोटो बघून तिसरी बाटली ठरली. उधारीवर.

मी गवताला गेले होते. डोक्यात रात्रीची कादंबरी होती, सगळे ज्याच्याकडं बोट दाखवतात तो गुन्हेगार नसतो. आणि धारपांचं ते, रोजच्यातली एक गोष्ट जागेवर नाही. चट्टा तर सगळ्यांना दिसत होता. मला दुसरंच खटकलं. आमच्या बाजूला सकाळी भातावर कोळ्यांची जाळी दवानं चमकत होती. बांधाच्या पलीकडं एक जाळं नव्हतं.

खाचरात उतरले आणि चट्ट्याच्या कडेचा चूड दोन्ही हातांनी फाकवला. बुडाशी तपकिरी तुडतुडे, मोजता येईनात एवढे. हाताला लागून पाण्यात उड्या मारत होते. बूड चिकट, काळी बुरशी धरलेलं. मग आमच्या बाजूला येऊन दहा चूड बघितले. तिथंही तुडतुडे होते, पण एका चुडात एक-दोन. आणि जवळजवळ प्रत्येक चुडात कोळी.

भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, कादंबऱ्या वाचून शेती होत असती तर वाचनालयवाले बागायतदार झाले असते." मी म्हणलं, "खरंय भाऊजी. पण एकदा वाकून तर बघा." ते उतरले. वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बाटली घरात ठेवून कृषी सहायकांना फोन केला.

ते दुसऱ्या दिवशी आले. खाचरातलं साठलेलं पाणी काढायला लावलं. दाट भातात हातानं चूड बाजूला सारून पट्टे पाडले, हवा खेळायला. युरिया बंद. फवारणी केली ती तुडतुड्यापुरत्या औषधाची, चट्टा आणि त्याच्या भोवतीचं, आणि नोझल बुडाकडं धरून. दीड गुंठा गेला तो गेलाच, लोंब्या पळींज राहिल्या. बाकीचं भात भरलं. वर्षाचं खाणं घरात आलं.

आता अभ्यासकांसाठी दोन ओळी. हे काही मी शोधून काढलेलं नाही. तुडतुडा बुडाशी बसतो, वरून मारलेलं औषध त्याला नीट लागत नाही. अंडी तर पानाच्या देठात घातलेली असतात, ती वाचतात. मरतात ते कोळी, चतुर आणि मिरीड ढेकूण, म्हणजे तुडतुड्याला खाणारे. मग पुढच्या पिढीला कुणी अडवणारा राहत नाही. जादा नत्र आणि साठलेलं पाणी त्याला आणखी मानवतं. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत हे फार पूर्वी तपासून झालंय. इंडोनेशियात तर तुडतुड्यानं एवढं भात खाल्लं की १९८६ साली सरकारनं भातावरची ५७ कीटकनाशकं एका आदेशानं बंद केली आणि शेतकऱ्यांना खाचरात उतरून किडी मोजायला शिकवायला सुरुवात केली. म्हणजे गुन्हेगार शोधायला ज्याला बोलावलं त्यानं आधी पहारेकरी मारला, अशी ही गोष्ट. अर्नाळकरांना आवडली असती.

फवारूच नका, असं मी म्हणत नाही. खोडकिडा वाढला तर बघत बसून चालत नाही. पण एका चुडात किती, हे मोजल्याशिवाय बाटली उघडायची नाही एवढंच. तुडतुडे पाच-दहाच्या पुढं गेले की जागं व्हायचं.

नारळीकरांची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. त्यांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत गेली, ती टोपणनावानं. नारायण विनायक जगताप. त्यांच्या स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी लावली की हेच होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून लिहून घेतली. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि काम झुंजारसारखं वेषांतराचं. आपलं नाव बघून नाही, गोष्ट बघून बक्षीस मिळावं म्हणून. मला हे फार आवडलं. बक्षीस मिळालंच.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' मी दोनदा वाचली. पुण्यातले इतिहासाचे प्राध्यापक एका अपघातानंतर अशा जगात जातात जिथं १७६१ च्या पानिपतात मराठे जिंकलेत. का, तर विश्वासरावांना लागायची गोळी जराशी हुकली. तेवढ्यानं पुढची सगळी वर्षं बदलली. पहिल्यांदा वाचताना वाटलं, हे मनाचे खेळ. एकदा जे झालं ते झालं, दुसरं जग कुणी बघितलंय?

नवरात्रानंतर पुन्हा वाचली तेव्हा तसं वाटलं नाही. दुसरं जग मी बघितलं होतं, बांधाच्या पलीकडं. एकच बी, एकच पाऊस, एकच माती. एका बाजूला दोन फवारण्या झाल्या, एका बाजूला राहून गेल्या. प्राध्यापकांना पुरावा म्हणून पुस्तकाचं एक फाटकं पान खिशात सापडतं. आपल्याला कोळ्याचं जाळं. शास्त्रज्ञ मंडळी तुलनेसाठी एक वाफा बिनऔषधाचा ठेवतात ना, तो याचसाठी. आपण सगळं रान एकसारखं फवारतो आणि मग म्हणतो औषधानं फरक पडला. कशावरून? दुसरं जग तर शिल्लकच ठेवलं नाही. पुढच्या वर्षी अळी दिसली तरी एक पट्टा मी मुद्दाम न फवारता ठेवणार आहे. कृषी सहायक म्हणाले, अवश्य ठेवा, मी पण बघायला येईन.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्या पुस्तकांतून जास्त लागली. लावणी वाकून, बेणणी वाकून, कापणी वाकून, आणि ही कामं बहुतेक बायांची. पंप पाठीवर घेऊन ताठ चालतात ते बाप्ये. पिकाच्या बुडाशी काय चाललंय ते आधी बायांना दिसतं. औषधाच्या दुकानात मात्र बाप्ये जातात, आणि दुकानदार त्यांना विचारतो, "वरून कसं दिसतंय?" आमच्या त्या खाचरात नवरात्राच्या आठ दिवस आधी बेणणीला तिघीजणी होत्या. मी नंतर विचारलं. तिघींनीही तुडतुडे बघितले होते. एकीनं तर सांगितलं, "पाय चिकट होत होते, ताई." मग बोलला का नाहीत? म्हणाल्या, "आम्हाला कुणी विचारलं?"

स्वयंपाकाच्या बाईची गोष्ट वर सांगितली, ती हीच. आठ दिवस आधी विचारलं असतं तर दीड गुंठा पण गेला नसता.

म्हणून या वर्षी आम्ही एक ठरवलंय. बेणणी झाली की संध्याकाळी चहाच्या वेळी बायांना विचारायचं. बुडाशी काय दिसलं? पाय चिकटले का? कोळी होते का? पाणी कुठं साठलंय? ते वहीत लिहायचं आणि मग दुकानात जायचं. भाऊजींनी पण मान डोलावली. ते अजून कादंबरी वाचत नाहीत, पण फोटो काढायला आता बांधावर उभं राहत नाहीत, आत उतरतात आणि बुडाचा काढतात.

वाचन म्हणजे टाइमपास, असं आमच्याकडं म्हणतात. टाइमपास तर आहेच, ते नाकारत नाही. पण भुताची काय, डिटेक्टिव्हची काय आणि विज्ञानाची काय, चांगली गोष्ट एकच सवय लावते. जागेवर नसलेली गोष्ट दिसली की पुढचं पान उलटायच्या आधी थांबायचं. बाटलीचं झाकण उघडायच्या आधी पण थांबता आलं तर बिघडलं कुठं?

पुतणी नाताळच्या सुट्टीत पुन्हा येणार आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आणते म्हणालीय. तोवर हरभऱ्यात घाटेअळी येईल, त्याची नोंद वेगळी टाकते. तुमच्याकडं कुणी काय वाचतंय ते कळवा. आणि उद्या रानात गेलात तर एक चूड, एक झाड, काहीही, फाकवून बुडाशी बघा आणि काय दिसलं ते पण कळवा.